उपछायेतला हक्क

नोव्हेंबर १९६१. अमेरिकेतलं कनेटिकट राज्य, न्यू हेवन शहर. येल युनिव्हर्सिटीच्या अगदी जवळ ट्रम्बुल स्ट्रीटवर एक छोटं क्लिनिक नुकतंच उघडलंय आणि ते चालवणारी बाई पोलीस कधी येतात याची वाट बघत बसलीय. घाबरून नाही हां. पोलीस यावेत, पकडून न्यावं, हेच तिला हवंय.

बाईंचं नाव एस्टेल ग्रिस्वोल्ड. वय ६१. सोबत येलच्या मेडिकल स्कूलमधले स्त्रीरोग विभागाचे प्रमुख, डॉक्टर ली बक्स्टन. क्लिनिकमध्ये काय मिळायचं, तर लग्न झालेल्या बायकांना तपासणी, गर्भनिरोधक साधनं आणि ती वापरायची कशी याचा सल्ला. बस्स, एवढंच.

आणि एवढंच गुन्हा होतं. १८७९ चा कायदा, साधनं वापरणं हाच गुन्हा, मग नवरा-बायको असलात तरी, शिक्षा किमान पन्नास डॉलर दंड किंवा साठ दिवसांपासून वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा कायदा झाला तेव्हा कनेटिकटच्या विधिमंडळात कोण बसला होता माहितीय? सर्कसवाला बार्नम. तोच, पी. टी. बार्नम. कायदा पुढे रेटण्यात त्याचाही हात होता.

आता मराठी माणसाला इथे र. धों. कर्वे आठवणारच. त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं १९२१ मध्ये, म्हणजे न्यू हेवनच्या चाळीस वर्षं आधी. त्यांना लोकांनी छळलं, कोर्टात खेचलं, बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले, ती वेगळी आणि मोठी गोष्ट आहे. पण आपण ज्या अमेरिकेला कायम पुढारलेली म्हणतो तिथे १९६१ मध्ये हे चाललं होतं, एवढं डोक्यात ठेवा.

गंमत म्हणजे कुणाच्या बेडरूममध्ये पोलीस कधी शिरत नव्हते. निरोध मेडिकलच्या दुकानात मिळायचे, 'रोग टाळण्यासाठी' म्हणून, सगळ्यांना माहीत असायचं कशासाठी ते. ज्या बाईकडे पैसे होते तिचा स्वतःचा डॉक्टर होता, तो दार लावून काय ते सांगायचा. कायद्याचा फटका बसायचा तो फक्त क्लिनिकला. १९३९ मध्ये वॉटरबरी गावातल्या क्लिनिकवर धाड पडली आणि त्यानंतर राज्यातली अशी सगळी क्लिनिक्स बंद झाली, म्हणजे जिला फुकट किंवा स्वस्तात डॉक्टर हवा होता तिच्यापुरताच हा कायदा जिवंत होता. ग्रिस्वोल्डबाईंची संस्था मग बायकांना गाडीत बसवून राज्याबाहेर न्यायची, न्यूयॉर्कला नाहीतर ऱ्होड आयलंडला. दवाखान्यात जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. ही गाडी लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

कायद्याला कोर्टात आव्हान देऊन झालं होतं. जून १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, अहो, या कायद्याखाली कुणावर खटलाच भरला जात नाही, मग तक्रार कसली? बाईंनी विचार केला, असं आहे होय, मग भरू द्या खटला.

क्लिनिक उघडलं १ नोव्हेंबरला. एका नागरिकाने तक्रार केली आणि दोन डिटेक्टिव्ह आले. बाईंनी त्यांचं स्वागत केलं, क्लिनिक फिरवून दाखवलं, आम्ही इथे काय काय देतो ते सविस्तर समजावून सांगितलं, म्हणजे पोलिसांना पुरावा शोधायला लागू नये इतकी व्यवस्था! काही पेशंट बायकांनीही आपणहून जबाब दिले. १० नोव्हेंबरला दोघांना अटक, क्लिनिक बंद, पुढे दंड प्रत्येकी शंभर डॉलर.

त्या शंभर डॉलरचं भांडण चार वर्षं चाललं. ७ जून १९६५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, सात विरुद्ध दोन, बाई जिंकल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचा पासष्टावा वाढदिवस होता.

पण खरी मजा निकालाच्या आत आहे, कारण अमेरिकेच्या राज्यघटनेत 'प्रायव्हसी' हा शब्दच नाहीये. कुठेच नाही. मग न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी काय केलं, तर घटनादुरुस्त्या एकेक करून समोर ठेवल्या. तिसरी म्हणते शांततेच्या काळात मालकाच्या संमतीशिवाय त्याच्या घरात सैनिक ठेवायचे नाहीत. चौथी म्हणते उगाच झडती घ्यायची नाही. पाचवी म्हणते माणसाला स्वतःविरुद्ध बोलायला लावायचं नाही. डग्लस म्हणाले की या हक्कांची एक 'पेनम्ब्रा' असते. हा ग्रहणातला शब्द आहे, आपण पंचांगवाले त्याला उपछाया म्हणतो, गडद सावलीच्या कडेची फिकट सावली. त्या उपछायेत खासगीपणाचा हक्क राहतो. आणि मग त्यांनी विचारलं, साधनं सापडतात का ते बघायला पोलिसांना नवरा-बायकोच्या बेडरूममध्ये शिरू द्यायचं का?

विरोधात गेलेले न्यायमूर्ती स्टुअर्ट यांनी स्वतःच या कायद्याला कमालीचा बावळट कायदा म्हटलंय, पण बावळट असला म्हणून घटनाबाह्य होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर निकाल बरोबर होता आणि युक्तिवाद जरा लटपटता होता, आणि त्या लटपटण्याचं बिल पुढे सत्तावन्न वर्षांनी आलं.

हक्क दिला होता नवरा-बायकोला. लग्न न झालेल्यांचं काय? १९६७ मध्ये बिल बेअर्ड नावाच्या माणसाने बॉस्टन युनिव्हर्सिटीत भाषण केलं आणि सगळ्यांसमोर एका अविवाहित मुलीच्या हातात गर्भनिरोधक फोमचं पाकीट ठेवलं, तिथेच अटक. १९७२ मध्ये कोर्टाने म्हटलं की हा हक्क लग्नाचा नाही, व्यक्तीचा आहे, आणि मूल व्हावं की न व्हावं हे ठरवण्यात सरकारने नाक खुपसायचं नाही. आणि २२ जानेवारी १९७३ ला आला रो विरुद्ध वेड, गर्भपाताचा निर्णयही याच खासगीपणात बसतो असं सांगणारा. तो लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन पूर्वी मेयो क्लिनिक या बड्या हॉस्पिटलचे वकील, त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मेयोच्या लायब्ररीत बसून अभ्यास केला, आणि ते निकालात दिसतं, पानोपानी 'डॉक्टर' आहे. आपला १९७१ चा गर्भपाताचा कायदाही डॉक्टरच्या मताभोवतीच फिरतो म्हणा.

पण त्याच वेळी दुसरी एक केस कोर्टाच्या दारात उभी होती, आणि मला ती जास्त आवडते.

कॅप्टन सुझन स्ट्रक. अमेरिकन हवाई दलात नर्स, १९७० मध्ये व्हिएतनाममध्ये ड्यूटीवर. दिवस गेले. हवाई दलाचा नियम असा की गरोदर बाईने नोकरी सोडायची. नाहीतर गर्भपात करा, तो लष्करी दवाखान्यात होत होता. बाई कॅथलिक, तिला गर्भपात नको होता. तिचं म्हणणं, मी साठवलेल्या रजेत बाळंत होते, बाळ दत्तक देते आणि कामावर परत येते, बाप होणाऱ्या माणसाला तुम्ही काढता का? तिची वकील होती रूथ बेडर गिन्सबर्ग, जी पुढे स्वतः सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती झाली. गिन्सबर्गचा मुद्दा खासगीपणाबरोबरच समानतेचा होता, बाईने मूल ठेवायचं की नाही हे सरकार ठरवतं आणि त्यावर तिची नोकरी टांगून ठेवतं, मग सरकार 'पाड' म्हणो की 'पाडू नको' म्हणो.

कोर्टाने केस ऐकायला घेतली. आणि सरकारी वकिलांना, त्यांचंही आडनाव ग्रिस्वोल्डच बरं का, वाटलं की आपण हरणार, म्हणून हवाई दलाने नियमच बदलला आणि सुझनला नोकरीत ठेवलं. सुझन जिंकली आणि केस संपली. डिसेंबर १९७२. महिनाभरात रो आला, आणि अमेरिकेत हा सगळा विषय समानतेऐवजी दाराला कडी लावण्याचा झाला.

कडीचा अर्थ काय ते लवकरच कळलं. गरिबांच्या मेडिकेड योजनेतून गर्भपाताचा खर्च करायचा नाही, असं संसदेने १९७६ पासून ठरवलं. १९८० मध्ये कोर्टाने ते मान्य केलं, पाच विरुद्ध चार. म्हणणं असं की सरकारने वाटेत दगड टाकू नये हे खरं, पण जो दगड सरकारने टाकला नाही तो उचलायची जबाबदारी सरकारची नाही. गरिबी हा तो दगड. म्हणजे परत कनेटिकटच, पैसे असतील तर दार लावा.

२४ जून २०२२ ला डॉब्ज नावाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने रोचा निकालच रद्द केला. न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिलं की घटनेत गर्भपाताचा उल्लेख नाही आणि देशाच्या इतिहास-परंपरेत या हक्काची मुळं खोल नाहीत. उपछाया पुसली. ज्या क्लिनिकचं नाव त्या केसमध्ये होतं ते मिसिसिपीतल्या जॅक्सनचं गुलाबी रंगाचं क्लिनिक बंद पडलं, चालवणाऱ्यांनी न्यू मेक्सिकोत लास क्रूसेसला नवं उघडलं, आणि गर्भपातबंदी असलेल्या टेक्सासच्या बायका आता गाडीत बसून सीमेपलीकडे तिकडे जातात. ती गाडी आठवतेय ना?

बहुमतातले बाकीचे न्यायमूर्ती म्हणाले, घाबरू नका, हे फक्त गर्भपातापुरतं आहे. एकट्या क्लॅरेन्स थॉमस यांनी वेगळं मत लिहून सांगितलं की बाकीचे निकालही परत तपासायला हवेत, आणि यादीत पहिलंच नाव घेतलं ग्रिस्वोल्डचं. महिन्याभरात कनिष्ठ सभागृहाने गर्भनिरोधक वापरायचा हक्क कायद्यात लिहायचं विधेयक २२८ विरुद्ध १९५ मतांनी पास केलं. जून २०२४ मध्ये सिनेटमध्ये तसंच विधेयक आलं. पुढे सरकायला साठ मतं लागत होती. तेवढी मिळाली नाहीत.