गोरज मुहूर्त, तळ्याचा काठ आणि कॅमेरा

श्रोतेहो, नमस्कार.

पत्रिकेवर ‘गोरज मुहूर्त’ छापलेला आहे आणि लग्न पवना धरणाच्या काठावर, उघड्या हिरवळीवर आहे. अशा लग्नाचे फोटो काढताना आधी घड्याळ बघायचं, कॅमेरा नंतर. मावळात डिसेंबरच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेमध्ये सातच्या. पण हा झाला पंचांगातला सूर्यास्त. पवनेच्या पश्चिमेला तुंग किल्ला आणि डोंगररांगा उभ्या आहेत. काठ डोंगराला जितका जवळ, तितकं ऊन लवकर जातं, कधी पंधरा-वीस मिनिटं आधीच. म्हणून आदल्या संध्याकाळी जागेवर जाऊन या. हात लांब करून सूर्य आणि डोंगरमाथा यांच्यामध्ये आडवी बोटं धरा. इंग्रजी पुस्तकांत एका बोटाला पंधरा मिनिटं सांगतात, पण आपल्याकडे सूर्य जास्त सरळ उतरतो. दहाच धरा.

आता अंतरपाट. वधूवर बहुधा पूर्व-पश्चिम उभे असतात, त्यामुळे एकाच्या तोंडावर मावळतीचं ऊन आणि दुसऱ्याची पाठ सूर्याकडे. मंगलाष्टका चालू असताना उन्हाकडे तोंड असलेला चेहरा कापडाच्या सावलीत असतो. ‘तदेव लग्नं’ झालं, अंतरपाट खाली आला, की तेच ऊन एकदम गालावर, मुंडावळ्यांवर येतं. सावलीत जुळवलेला कॅमेरा नेमका इथे फसतो: कपाळ पांढरंफटक, कुंकू फिकट. ऑटोवर भरवसा नको, मागच्या चकाकत्या पाण्यामुळे तो दर फोटोला मत बदलतो. शेजारी उन्हात उभ्या करवलीच्या चेहऱ्यावर आधी प्रकाश मोजा आणि मॅन्युअलवर, म्हणजे आकडे हाताने ठरवून, तेच ठेवा. सुरुवातीला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००, अ‍ॅपर्चर एफ ४ (लेन्सचं छिद्र किती उघडं), शटर १/५०० (सेकंदाचा पाचशेवा भाग) घेऊन बघा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, घेत असाल तर सावलीतला चेहरा नंतर उजळता येतो. जळालेलं कपाळ मात्र परत येत नाही.

शटर १/५००च का? अक्षतांसाठी. या वेगाला दाणा हवेत थांबलेला दिसतो, १/६० ला त्याची नुसती रेघ उरते. अडचण अशी, की साधा फ्लॅश बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० पर्यंतच जुळतो. त्यापुढे हाय-स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरशी फ्लॅश जुळवणारी सोय, लावावी लागते आणि त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते, म्हणून फ्लॅश जवळ आणा. त्याच्यावर अंबर जेल (पिवळसर पारदर्शक कागद) लावायला विसरू नका, नाहीतर सोनेरी उन्हात चेहरे निळसर दिसतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ५५०० केल्विनवर ठेवा. ऑटो ठेवला तर तो मावळतीचा रंगच पुसून टाकतो.

सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं उजेड टिकतो. जोडीचे पाण्याकाठचे फोटो तेव्हा घ्या. वऱ्हाडी तोवर जेवणाकडे वळलेले असतात, ते बरंच असतं. पोलरायझर (चकाकी कमी करणारी लेन्सवरची काच) काढून ठेवा. तो प्रकाशही खातो आणि पाण्यातलं प्रतिबिंबही. ट्रायपॉडचे पाय ओल्या मातीत रुततात, खाली फरशीचे तुकडे ठेवा. गाडीच्या एसीतून काढलेल्या लेन्सवर बाष्प धरतं, तेव्हा बॅग अर्धा तास आधीच बाहेर आणा.

फोटो जपायचं काम त्याच रात्री सुरू होतं. दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर दोन्हींवर एकाच वेळी लिहू द्या आणि तीन प्रती होईपर्यंत एकही कार्ड पुसू नका. दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. दोन हजार रॉ फोटो म्हणजे पन्नास-साठ जीबी सहज. पेनड्राइव्ह देण्याघेण्यापुरता ठीक, वर्षानुवर्षं ठेवायला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आकसतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

छापील फोटो हवेतच. चिकट पानांचे अल्बम टाळा. तो गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटो सोलून निघत नाही. आम्लरहित कागद आणि फोटो अडकवायचे कोपरे वापरा. पावसाळ्यात अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, तिथे बुरशी आधी येते. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीच्या सुमारास बदला. डांबरगोळ्या नकोत. प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, नावं लिहा. नवरानवरीला तर सगळेच ओळखतील. अंतरपाट धरलेले ते दोघे कोण, हे आधी लिहून ठेवा.