कढईतलं तेल जातं कुठं?

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतेय. मला सांगितलं होतं की धंदेवाल्यांनी शहर टिकवायला काय करावं यावर पाच-सात मिनिटं बोला. मी काही तज्ज्ञ वगैरे नाही हां, राजेंद्र नगरला माझं फराळाचं छोटं दुकान आहे, चकली, शेव, करंज्या आणि मुंज-बारशाच्या जेवणाच्या ऑर्डरी, बास.

आता कुठल्याही व्यापारी मंडळाच्या मीटिंगला जा, शहरासाठी काहीतरी करूया म्हटलं की पहिलं काय निघतं तर झाडं. पाच जूनला दहा कुंड्या, त्यावर दुकानाचं नाव मोठ्ठं, फोटो, आणि पंधरा दिवसांत त्याच कुंडीत गुटख्याच्या पुड्या. लावा ना झाडं, माझं काही म्हणणं नाही, पण त्याआधी आपल्या दुकानाच्या मागच्या दाराशी पाच मिनिटं उभं राहून बघा की रोज तिथून काय बाहेर पडतं.

मला हे शिकवलं कचऱ्याच्या गाडीवरच्या एका पोराने. एका मुंजीची ऑर्डर होती, दोन पोती ओला कचरा निघाला, गाडी आली आणि या पोराने पोत्यात काठी घालून ढवळलं आणि म्हणाला, “दीदी, इसमें चम्मच है, गीले में नहीं चलेगा.” मी म्हटलं अरे एक चमचा रे बाबा! तर तो म्हणे एक नाही, निकालो. मग भर रस्त्यात मी आणि दुकानात मदतीला असणाऱ्या आमच्या मावशी, साडीचा पदर खोचून, बटाट्याच्या सालींत हात घालून चमचे शोधतोय, आणि समोरच्या बाल्कनीतल्या काकू बघतायत. निघाले किती, तर एकोणीस! आणि वर प्लास्टिकचं अस्तर असलेले द्रोण वेगळेच.

तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. पण नंतर कळलं की हा ओला कचरा शहराच्या कडेला देवगुराडियाच्या प्लांटला जातो. तिथं पूर्वी कचऱ्याचा डोंगर होता, आमच्या पिढीला आठवत असेल, त्या बाजूला गेलं की नाकाला रुमाल. आता २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेला बायो-सीएनजी प्लांट आहे, सुरू झाला तेव्हाच दिवसाला ५५० टन ओला कचरा घ्यायची क्षमता, त्यातून १७ टनांच्या आसपास सीएनजी आणि वर खत. आपल्या गावाकडचा गोबर गॅसच म्हणा ना, फक्त फार मोठा. कचऱ्याचा लगदा करायचा, बंद टाकीत हवा न लागता जंतू तो पचवतात, गॅस निघतो, तो साफ केला की शहराच्या बसेस चालतात. हे एका खासगी कंपनीने स्वतःचा पैसा घालून उभं केलंय आणि उलट तीच महापालिकेला वर्षाला अडीच कोटी देते. म्हणजे धंदा आहे तो, दानधर्म नाही. पण हा धंदा चालतो कशावर? माझ्यासारख्यांनी पोत्यातून चमचा काढला यावर. जंतूंना बटाट्याची साल पचते, प्लास्टिक कसं पचणार?

बरं, कचरा झाला. आता तेल, आणि यावर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे कारण इंदूर म्हणजे तळणीचं शहर. सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी कचोरी, रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद. एवढं तेल तापतं, मग उरलेलं जातं कुठं? नाल्यात ओतलं तर थंडीत ते थिजून पाइपात बसतं, ड्रेनेज तुंबतं आणि पुढे कान्ह नदीत जातं, हे झालं उघड. पण खरी गोष्ट कोणी बोलत नाही. मोठ्या दुकानात तीन-चार वेळा तापलेलं तेल पीप्यात भरून छोट्या ठेलेवाल्याला विकतात, तो त्यात आणखी आठ दिवस तळतो, आणि आपली पोरं शाळेतून येताना तेच खातात. तेल परत परत तापलं की त्यात पोलर कंपाउंड, म्हणजे तेल खराब झाल्याचे घटक, वाढतात. २०१८ च्या जुलैपासून एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम आहे की ते २५ टक्क्यांवर गेले की तेल बाद. त्याच वर्षी रुको नावाची योजनाही आली, की असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल बनवायचं.

मी पण विकायचे, हो, ठेलेवाल्याला. दिवाळीच्या सीझनला तर पीपेच्या पीपे. एकदा आमच्या मावशीच म्हणाल्या, ताई, त्या कोपऱ्यावरच्या गाडीवरची कचोरी माझा नातू रोज खातो. झालं. त्यानंतर मी उरलेलं सगळं तेल बायोडिझेलवाल्याला द्यायला लागले. पैसे कमी मिळतात, स्पष्ट सांगते, ठेलेवाला जास्त द्यायचा आणि रोख द्यायचा. तो फरक मी चकलीच्या किलोमागे थोडा लावला, दोन गिऱ्हाइकं कुरकुरली, एक काकू तर म्हणाल्या तेलात सोनं घालता का, पण दुसऱ्या दिवाळीला आल्याच.

पाण्याचंही असंच. आपल्याकडे नर्मदेचं पाणी ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंप करून वर चढवतात, त्याचं वीजबिल कोण भरतं, आपणच. म्हणून तर महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घ्यायचे कर्जरोखे, काढले, जलूदलाच ६० मेगावॉटचा सोलर प्लांट उभारायला. लोकांनी कितीतरी पट जास्त पैसे लावायची तयारी दाखवली, माझ्या भाच्यानेही थोडे घातले. आणि इकडे त्याच पाण्याच्या आरओ मशीनमधून निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडायचं? मी नळी लांब करून ड्रममध्ये सोडली, भांडी विसळायला आणि फरशीला चालतं. खर्च किती, तर ऐंशी रुपयांची नळी.

पॅकिंगमध्ये मात्र मी अजून अडकलेय बरं का. स्टीलचे डबे डिपॉझिटवर द्यायला लागले, पहिल्या महिन्यात चाळीस डबे गेले, परत आले बावीस. एकीने सांगितलं, डबा इतका छान होता की त्यात रवा भरून ठेवला! डिपॉझिट वाढवलं तर लोक म्हणतात डब्याची ऑर्डर आहे का फराळाची. जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, प्लेटी बंद आहेत तरी बाजारात मिळतातच, म्हणजे नियमाने निम्मं काम होतं आणि उरलेलं डब्याच्या हिशोबावर अडतं. तुमच्यापैकी कुणी केटरिंगमध्ये असेल आणि डबे परत कसे आणायचे हे ज्याला जमलंय त्याने मला जरूर कळवा.

बरं, साडेचार वाजलेत, पाच वाजता तेलाचे पीपे न्यायला गाडी येते आणि पावतीवर माझी सही लागते, मावशींच्या सहीवर ते नेत नाहीत. निघते.