तारामतीची मिशी

(गिरगावातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

लिंगभाव हा जन्मजात नसून समाजाने करून घेतलेला असतो, असा विषय पत्रिकेवर आहे. तिकडे येतोच. पण गिरगावात बोलायचं म्हणजे आधी अण्णा साळुंके.

१९१३मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' इथेच, कॉरोनेशन थिएटरला लागला. तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणारे साळुंके सापडले. अंग बारीक, हात नाजूक. आणि मग म्हणे स्त्रीभूमिका करणाऱ्या मंडळींचं मिशीवरून अडलं. वडील हयात असताना मिशी काढायची कशी? हसा, हसा, पण नीट बघा. मिशी उगवते ती देहाच्या धर्माने. ती कोणी, केव्हा उतरवायची, हे कुठल्या ग्रंथीने ठरवलं? पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम केला आणि सीताही केली. एकच माणूस, एकाच चित्रपटात, आणि लोकांनी दोन्ही मानले!

आता माझी जुनी तक्रार. बालगंधर्वांचा विषय निघाला, की आपण 'काय हुबेहूब बाई दिसायचे!' म्हणतो आणि तिथेच थांबतो. अहो, त्यांची भामिनी, त्यांची रुक्मिणी पाहून घरंदाज बायका तसं नेसायला, तसा अंबाडा घालायला लागल्या. मग कोण कोणासारखं दिसत होतं? आणि बायका नव्हत्या का तेव्हा? तमाशात होत्या, बैठकीत गात होत्या. पण त्या 'तसल्या'. कुलीन नायिका म्हणून त्यांच्यापेक्षा पुरुष चालला! बाई कोणाला म्हणायचं ते जात आणि घराणंही ठरवत होतं. याचा मला आजही राग येतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. भरभर सांगतो.

ज्युडिथ बटलर या अमेरिकी विचारवंतांनी १९९०मध्ये हे मांडलं: बसणं, बोलणं, लाजणं आपण इतक्या वेळा गिरवतो की तोच स्वभाव वाटू लागतो. हे नाटक मात्र नव्हे. साळुंके लुगडं उतरवून घरी जात; आपल्याला रंगपटच नाही, आणि चुकलं तर मार आहे. रडणाऱ्या मुलाला 'मुलीसारखा काय रडतोस' हे आपणच ऐकवतो.

'मग देह खोटा का?' असं मला नेहमी विचारतात. मुळीच नाही. पाळी देहाची आहे. त्या दिवसांत लोणच्याला हात लावायचा नाही, हे आपलं आहे.

शेवटचं. आपण पुरुष की स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याचं त्याने ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये सांगितलं. २०१९च्या कायद्याने तृतीयपंथी माणसांना जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला लावला. बाकीच्या कोणालाच असा दाखला लागत नाही. यावर चर्चा हवी. प्रश्न मागच्या रांगेपासून घेऊ.