फातिमाची राखण करणारी मारिया

पत्रिकेत विषय छापलाय, ‘फातिमाच्या दर्शनांची चर्चने केलेली चौकशी’. चौकशीकडे येणारच आहे. पण आधी एका बाईबद्दल बोलू द्या, कारण तिचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही.

१३ मे १९१७, पोर्तुगालमधल्या फातिमा गावाजवळचं कोवा दा इरिया, मेंढरं राखणारी लुसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता ही तीन मुलं, आणि त्यांना तेव्हापासून होत गेलेली पवित्र मरियामातेची दर्शनं, हे तुम्हाला पाठ आहे. घरात फातिमा नावाची मावशी किंवा आत्या असलेल्यांनी हात वर करा बघू. अरे वा, मागची रांग तर अख्खीच!

तर ही बाई म्हणजे मारिया कारेरा. जूनच्या दर्शनाला ती आली ती पाठीत वाक असलेल्या आपल्या मुलासाठी, जुआंवसाठी. मुलाची पाठ काही सरळ झाली नाही. तरी ती येत राहिली. दर्शनाच्या त्या खुज्या ओकभोवतीची जागा तिने साफसूफ केली, तिथे कमान उभी राहिली, कंदील टांगले गेले. लोक झाडापाशी नाणी ठेवून जायचे, ती तिने जमवली आणि घेऊन फिरली. मुलांच्या घरचे घेईनात, फादरही घेईनात. पैसा समोर आणि घ्यायला कुणी तयार नाही, असं आपल्या धर्मग्रामांत, म्हणजे पॅरिशांत, कधी झालंय का? शेवटी तिने लुसियाला सांगितलं, तूच मातेला विचार. १९ ऑगस्टला जवळच्याच वालिन्योस इथल्या दर्शनात उत्तर आलं: रोझरी मातेच्या, म्हणजे जपमाळेच्या मातेच्या, सणाला दोन पालख्या करा, उरेल ते चॅपेलला, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराला.

१९१९च्या एप्रिलअखेरीस दर्शनाच्या जागी चॅपेलचं काम सुरू झालं नि जूनच्या मध्यात संपलं. दगड, चुना आणि कौलं, बस्स. १९२०मध्ये मातेची मूर्ती आली. ती रात्री मारियाच्या घरी असायची, म्हणून ६ मार्च १९२२ला बॉम्बने चॅपेलचं छप्पर उडवलं तेव्हा मूर्ती वाचली. झाडाच्या जागी ठेवलेला बॉम्ब तर फुटलाच नाही. पुढच्या जानेवारीत चॅपेल पुन्हा उघडलं.

आणि आपल्या सहली काय करतात? बस थांबते, बासिलिकेसमोर, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चसमोर, फोटो, मग मेणबत्त्यांची खरेदी, आणि सोबतचा माणूस ओरडतो, ‘चला, पुढे लूर्द आहे!’ म्हणजे फ्रान्समधलं मातेचं तीर्थस्थान. चॅपेलपाशी जपमाळेचं एक रहस्य, म्हणजे एक टप्पासुद्धा, पुरं होत नाही. मला याचा मनस्वी राग येतो. मूर्तीचा खांब नेमका त्या झाडाच्या जागी आहे हे तिथे उभं राहूनही कळत नसेल, तर एवढं लांब गेलो कशाला?

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा चौकशी थोडक्यात. फातिमा ज्या धर्मप्रांतात येतं त्या लैरियाचे बिशप जोसे आल्वेस कोरेया दा सिल्वा यांनी १९२२मध्ये चौकशी समिती नेमली. १३ ऑक्टोबर १९३०ला दर्शनं विश्वासार्ह असल्याचं जाहीर केलं. म्हणजे चॅपेल बांधून झाल्यावर अकरा वर्षांनी. बॉम्बस्फोट, सरकारी रोष, फ्रान्सिस्को आणि जसिंताचे मृत्यू हे सगळं तोवर होऊन गेलं होतं. चर्चने घाई केली नाही ते योग्यच. पण समितीपुढे विषय आला तो लोकांनी ती जागा जिवंत ठेवली म्हणून, हे माझं म्हणणं आहे. मारियाचा तो जुआंव पुढे वर्षानुवर्षं त्याच चॅपेलची सेवा करत राहिला.

येत्या ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, धर्मग्रामात फातिमाचा देखावा कराल तेव्हा तीन मुलांशेजारी झाडू घेतलेली मारिया कारेराही उभी करा.