१४२८५७ : सहा अंकांचं चक्र

कागद घ्या आणि एकाला सातने भागा. शून्य, मग दशांशचिन्ह. आता दहाला भाग: सात एके सात, बाकी तीन. तीसला भाग: सात चोक अठ्ठावीस, बाकी दोन. वीसला भाग: सात दुणे चौदा, बाकी सहा. मग बाकी चार, नंतर पाच, आणि पुन्हा एक. निघालो तिथेच परत आलो. भागाकारात उमटले सहा अंक: १४२८५७. पुढे कितीही भागत बसा, हेच अंक याच क्रमाने येत राहतात.

एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. हिला दोनने गुणा, येतात २८५७१४. तीनने, ४२८५७१. चारने ५७१४२८, पाचने ७१४२८५, सहाने ८५७१४२. अंक तेच, एकामागून एक येण्याचा क्रमही तोच, सुरुवात तेवढी वेगळी. म्हणून ही चक्रीय संख्या.

कारण त्या बाकीतच आहे, आणि ते कळल्यावर मला ही संख्या जास्तच आवडू लागली. सातने भागताना बाकी उरली तर ती एक ते सहा यांपैकीच असणार. इथे त्या सहाही एकेकदा येऊन जातात. तीन सप्तमांश काढायचे, तर हाच भागाकार बाकी तीनपासून सुरू करायचा. चक्र तेच, चढायची जागा निराळी. सातने गुणलं की मात्र सगळे नऊ: ९९९९९९.

संख्या विषम, संयुक्त. तिचे मूळ अवयव ३, ११, १३ आणि ३७. त्यांतला ३ तीनदा. विभाजक एकूण ३२. स्वतःला वगळून त्यांची बेरीज १,१२,५०३, संख्येपेक्षा कमी, म्हणून न्यून संख्या.

आणखी दोन नावं तिला मिळाली ती नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शिक्षकामुळे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. शाळेत शिकवावं आणि उरलेला वेळ संख्यांना द्यावा, असं हे आयुष्य. त्यांची कसोटी अशी: संख्येचा वर्ग करा, त्याचे दोन तुकडे पाडा, बेरीज करा. मूळ संख्या परत आली, तर ती कापरेकर संख्या.

आपल्या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडा. २०४०८ अधिक १२२४४९. उत्तर, १४२८५७.

दुसरं नाव त्यांनी स्वतःच योजलेलं: हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, ती. एक, चार, दोन, आठ, पाच, सात, बेरीज २७. १४२८५७ ला २७ ने भागा. ५२९१, बाकी शून्य.