जिथे थांबला होता तिथूनच

[दृश्य: फेराइटच्या कड्यांचं जाळं, अगदी जवळून]

चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवायचा, मशीन बंद करायचं, आणि नंतर तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे न्यायचा. जुन्या संगणकांत याची सुरुवात स्मृतीपासूनच व्हायची. मोहरीच्या दाण्याएवढ्या, फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या या काळ्या कड्यांमधून बारीक तारा ओवल्या आहेत. एका कडीत एक बिट मावतो. चुंबकत्व एका दिशेला असेल तर शून्य, उलट दिशेला असेल तर एक. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकाची मुख्य स्मृती अशाच कड्यांची होती. ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे ८० हजारांवर कड्या. चुंबकत्व टिकायला वीज लागत नाही. त्यामुळे अशा स्मृतीतला मजकूर वीज गेल्यावरही जागेवर राहू शकायचा.

जायचं ते प्रोसेसरच्या रजिस्टरांमधलं, म्हणजे हातातल्या कामाचे आकडे ठेवायच्या त्याच्या छोट्या कप्प्यांमधलं. पुढे आलेल्या पीडीपी-११ या संगणकात त्याचीही सोय होती. व्होल्टेज घसरू लागलं की प्रोसेसर हातातलं काम सोडून एका ठरलेल्या पत्त्यावर जायचा. हाताशी सुमारे २ मिलिसेकंद. तेवढ्यात रजिस्टरं स्मृतीत उतरवायची, वीज आली की परत भरायची, आणि प्रोग्रॅम पुढे चालू.

१९७० साली इंटेलची ११०३ चिप आली आणि कड्यांचे दिवस भरले. नवी स्मृती स्वस्त होती, पण गळकी. तिच्यातल्या कपॅसिटरांमधला विद्युतभार सतत झिरपतो. आजच्या रॅममध्येही साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सगळं पुसलं जातं.

लॅपटॉप हायबरनेट होतो तेव्हा रॅममधलं सगळं डिस्कवर उतरतं आणि जसंच्या तसं परत येतं. पण सगळंच, चालू कर्नलसकट, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासकट. आठवडाभर चाललेली एकच आकडेमोड उचलून ठेवायची आणि दरम्यान कर्नल बदलायचा असेल, तर हायबरनेशन कामाचं नाही.

[दृश्य: टर्मिनल. दर सेकंदाला एक आकडा: ४६, ४७, ४८]

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे काम क्रियू नावाचं साधन करतं. पावेल एमेल्यानोव यांनी २०११ साली हा प्रकल्प मांडला. हे सगळं कर्नलच्या आत बसवण्याचे आधीचे प्रयत्न मुख्य कर्नलमध्ये शिरू शकले नव्हते. एमेल्यानोव यांनी वाट बदलली: बहुतेक काम बाहेरून करायचं, कर्नलकडे अगदी लागेल तेवढंच मागायचं.

डीबगर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची साधनं, वापरतात त्याच पीट्रेस या सोयीने क्रियू प्रोग्रॅमला जागच्या जागी थांबवतं. कोणत्या फाइली उघड्या आहेत, वाचन कुठवर आलंय, स्मृतीचे कोणते पट्टे कुठे आहेत, हे टिपून घेतं. मग त्या प्रोग्रॅमच्याच पोटात स्वतःचा एक छोटा तुकडा सोडतं. तो आतून माहिती बाहेर पोचवतो आणि मागे खूण न ठेवता निघून जातो. डिस्कवर उरतात काही फाइली. आकडे ४८ वर थांबलेत. आता मशीन खुशाल बंद करा.

[दृश्य: अंधारलेला पडदा. मशीन पुन्हा सुरू होतं]

खरी कसोटी परत आणताना लागते. प्रोग्रॅमला त्याचा जुनाच प्रक्रिया-क्रमांक लागतो, म्हणून क्रियू त्याच क्रमांकाची नवी प्रक्रिया जन्माला घालतं. ती अजून क्रियूच असते. ती फाइली उघडते, वाचन थांबलं होतं तिथे नेऊन ठेवते. पण जुनी स्मृती ज्या पत्त्यांवर परत बसवायची, तिथे कदाचित क्रियूचाच कोड बसलेला असतो! मग क्रियू आणि जुना प्रोग्रॅम, दोघांच्याही वाटेत न येणाऱ्या रिकाम्या जागेत क्रियूच्या कोडचा एक तुकडा जातो. तिथून तो क्रियूची स्वतःची स्मृती काढून टाकतो आणि जुन्या स्मृतीची पानं मूळ पत्त्यांवर आणतो. शेवटी, जणू एखादा सिग्नल, म्हणजे कर्नलने मध्येच दिलेली सूचना, हाताळून परत येतोय अशा थाटात, कर्नलकडून रजिस्टरं भरून घेतो. त्या क्षणी क्रियू संपतं आणि प्रोग्रॅम उरतो. संगणकशास्त्रात इतकी देखणी युक्ती मी क्वचितच पाहिली आहे.

[दृश्य: टर्मिनल. ४९, ५०, ५१]

अडतं ते बाहेरच्या जगाशी असलेल्या नात्यांपाशी. मशीन सुरू झाल्यापासूनचे सेकंद मोजणारं घड्याळ रीबूटनंतर शून्यावर येतं, आणि प्रोग्रॅमला काळ उलटा फिरल्यासारखा दिसतो. त्यासाठी २०२० साली लिनक्स ५.६ मध्ये अशी सोय आली, की ठरावीक प्रक्रियांना हे घड्याळ पुढे सरकवून दाखवता येतं. नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाशी असलेली टीसीपी जोडणीही जतन होते, पण मशीन फार वेळ बंद राहिलं तर पलीकडचा संगणक वाट पाहणं सोडून देतो. त्याला क्रियूचा इलाज नाही.

ग्राफिक्स कार्डाची स्मृती बरीच वर्षं अशीच आवाक्याबाहेर होती. आज दिवसेंदिवस चालणाऱ्या आकडेमोडीचा मोठा भाग तिथेच राहतो. २०२४ साली ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने कूडा-चेकपॉइंट हे साधन दिलं. ते कार्डावरचा मजकूर आधी मुख्य स्मृतीत आणून ठेवतं, आणि तिथून पुढचं काम क्रियू करतं.