नवे इंजेक्टर आणि पंपाचे टायमिंग

डिझेल इंजिनाला नवे इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरात डिझेलचा फवारा सोडणारे भाग, बसवले की पंपाचे टायमिंग थोडे पुढे घ्यायचेच, म्हणजे डिझेल जरा लवकर सोडायचे, अशी समजूत अनेक गॅरेजांत आढळते. मी बोलणार आहे ते इनलाइन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी एकेक प्लंजर ओळीत असलेला पंप, असलेल्या ट्रकांबद्दल. कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळते तिथे, डिझेल कधी सोडायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. तिथे बहुतेक वेळा नव्या इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने भरावा लागतो, पंप फिरवण्याचा प्रश्न येत नाही.

इनलाइन पंपात प्लंजर (छोट्या पिस्टनसारखा दांडा) वर चढताना बॅरलचे, म्हणजे त्याच्या नळीचे, छिद्र बंद करतो आणि डिझेलवर दाब यायला लागतो. आपण टायमिंग म्हणून मोजतो तो हाच क्षण. सिलिंडरात फवारा उडतो तो त्यानंतर. दाबाची लाट पाइपातून सेकंदाला साधारण 1400 मीटर वेगाने जाते, म्हणजे 70 सेंटिमीटरच्या पाइपाला अर्धा मिलिसेकंद लागतो, आणि 1500 आरपीएमला तेवढ्यात क्रँक साडेचार अंश फिरलेला असतो. शिवाय इंजेक्टरची स्प्रिंग जितकी कडक, तितकी सुई उशिरा उचलते. वापरलेल्या इंजेक्टरची स्प्रिंग ढिली पडते, तर नव्याचा दाब पुढे स्प्रिंग थोडी ढिली पडणार हे धरून किंचित जास्त ठेवतात. त्यामुळे इंजेक्टर बदलल्यावर फवारा जरा उशिरा सुरू होतो, हे खरे आहे. परंतु कंपनीने दिलेला टायमिंगचा आकडा चांगल्या स्थितीतले, योग्य दाबाचे इंजेक्टर धरूनच काढलेला असतो, हे आपण विसरतो.

माझ्या मते खरी गडबड आधीच झालेली असते. इंजेक्टरच्या टोकाची नोझल झिजल्यामुळे गाडीचा पिकअप गेला, म्हणून कोणीतरी पंप पुढे घेतलेला असतो. नंतर नवे इंजेक्टर येतात, पंप तिथेच राहतो आणि इंजिन कडक आवाजात ठोकू लागते. पुढे घेतलेल्या टायमिंगमध्ये डिझेल पुरेशा न तापलेल्या हवेत पडते, पेटायला वेळ लावते आणि मग साठलेले सगळे एकदम भडकते. त्याचा भार हेड गॅस्केटवर आणि पिस्टनवर येतो. उलट टायमिंग मागे असेल, तर थंड इंजिन पांढरा धूर सोडते आणि चढावर ओढत नाही.

म्हणून पंपाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक इंजेक्टरचा दाब टेस्टरवर पाहावा. फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये, कारण ती धार कातडीत शिरते. हेडमध्ये जुना तांब्याचा वॉशर अडकलेला राहून त्यावर नवा बसला, तर नोझल वर राहते आणि फवारा पिस्टनच्या खळग्यात नीट पडत नाही. पाइपांतली हवाही पूर्ण काढावी.

मग स्पिल टायमिंग, म्हणजे पंपातून वाहणारी धार कुठे तुटते ते पाहून टायमिंग, तपासावे. पहिल्या सिलिंडरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हची (पंपाच्या तोंडावरच्या झडपेची) सुई आणि स्प्रिंग काढून होल्डर परत बसवावा, रॅक (डिझेलचे प्रमाण ठरवणारा दांडा) पुस्तकात सांगितलेल्या जागी ठेवावा, आणि कॉम्प्रेशन स्ट्रोकवर इंजिन हाताने चालीच्या दिशेने सावकाश फिरवत होल्डरमधून येणारी डिझेलची धार तुटून थेंबांवर येते तेव्हा फ्लायव्हीलचा अंश वाचावा. खूण ओलांडली, तर बरेच मागे नेऊन पुन्हा पुढे यावे, म्हणजे गिअरमधली ढील मोजमापात शिरत नाही. फ्लँजवर बसणारा पंप शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेने वळवला की टायमिंग पुढे येते, आणि पंप एक अंश हलला की क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो. बोल्ट आवळताना पंप सरकतो, तेव्हा आवळल्यानंतर तेच माप पुन्हा घ्यावे.